स्कॅनर यंत्राचा पहिला धडा

स्कॅनर म्हणजे अनेक कंपनसंख्यांवर क्रमाक्रमानें कान देणारें रेडिओयंत्र. तें घेण्यापूर्वीं परवान्याचे नियम पाहावे. मग त्यांत प्रथम ओळखीचें केंद्र भरावें. बीडकरांस आकाशवाणी बीड, १०२.९ मेगाहर्ट्झ, हें सोयीचें.

यंत्राच्या स्मृतींतील प्रत्येक घरांत कंपनसंख्येबरोबर प्रक्षेपणाची पद्धतिहि नोंदावी लागते. आकाशवाणीच्या या केंद्रास रुंद एफ. एम., हौशी बिनतारी-चालकांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यांतील बोलण्यास बहुधा अरुंद एफ. एम. पद्धति चुकल्यास आंकडा बरोबर असूनहि बोलणें नीट कळत नाहीं.

नंतर ‘स्क्वेल्च’ची कळ खरखर थांबेपर्यंतच फिरवावी. कमी फिरविल्यास यंत्र नुसत्या खरखरीवरच अडून बसतें. अधिक फिरविल्यास क्षीण आवाज ओलांडून पुढें जातें.

हौशी चालकांचीं घरें पुष्कळदां मुकीं वाटतील. म्हणून तीं पुसूं नयेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं शेजारच्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, तेव्हां हौशी बिनतारी-चालकांनीं निरोप पोंचविण्याचें काम केलें. संकटांतील आवाज क्षीणच असावयाचा. तो निसटूं नये, यासाठींच कळ बेतानें फिरविण्याची संवय आधींपासून करावी.