चितेची परवानगी

फ्लॉरेन्समधल्या कॅशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा छत्रीखाली बसवलेला आहे. करवीरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी याच शहरात वारले. वय अवघं वीस. नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि संगमाच्या काठावर चिता रचून त्यांचं दहन झालं. 1874 मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. पुढे शंभरेक वर्षांनी जवळच बांधलेल्या पुलाचं नावही या ‘इंडियानो’वरूनच पडलं. कोल्हापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या आहेतच, आणि वानवडीला महादजी शिंद्यांच्या दहनाच्या जागी छत्री आहे. पण आपल्याकडची छत्री मृताचं मोठेपण सांगते. युरोपातल्या दहनाशी जोडलेल्या वारसास्थळांकडे मात्र आधी परवानगीचे दाखले म्हणून पाहायला हवं: जाळायची मुभा कुणाला मिळाली, कुठे, आणि किती आडोशाने.

इंग्लंडमधलं वोकिंग घ्या. शल्यचिकित्सक हेन्री थॉम्पसन यांनी 1874 मध्ये दहनाच्या प्रचारासाठी संस्था काढली, चार वर्षांनी वोकिंगला जमीन घेतली आणि लोदीच्या पावलो गोरिनी यांच्या देखरेखीखाली भट्टी बांधून घेतली. 17 मार्च 1879 ला तिची चाचणी झाली ती एका घोड्याच्या कलेवरावर. भट्टी उत्तम चालली; पण गावकरी खवळले, गृहमंत्र्यांनी मनाई केली आणि ती तशीच थंड पडून राहिली. कोंडी फुटली ती वेल्समधल्या एका विक्षिप्त म्हाताऱ्यामुळे. स्वतःला ड्रुइड पुरोहित मानणाऱ्या डॉ. विल्यम प्राइस यांनी जानेवारी 1884 मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचं प्रेत टेकडीवर जाळायला घेतलं, जमावाने ते ओढून बाहेर काढलं आणि खटला उभा राहिला. न्यायमूर्ती स्टीफन यांचा निर्णय असा की, लोकांना उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणं हा गुन्हा नाही. पुढच्या वर्षी 26 मार्चला वोकिंगची भट्टी माणसासाठी पेटली. त्या अख्ख्या वर्षात तिथे दहनं झाली तीन!

लक्षात घ्यायची गोष्ट ही की तिथे आधी उघडी भट्टी होती, प्रार्थनागृह काही वर्षांनी आलं, तेही गॉथिक चर्चच्या घाटाचं. 1902 मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या गोल्डर्स ग्रीन दाहगृहात तर धुराडंच लाल विटांच्या मनोऱ्यात दडवलं आहे. ही त्या काळची बांधकामाची फॅशन होती, असं कुणी म्हणेल. अंशतः खरंही आहे. पण नुसती फॅशन असती तर भट्टीसोबतच चर्चचा साज आला असता. तो मागाहून आला, कारण यंत्र तयार होतं, माणसं तयार नव्हती. आज गोल्डर्स ग्रीनची वास्तू संरक्षित यादीत आहे. जपला जातोय तो मुख्यतः हा आडोसा.

यावर खरा आक्षेप प्राइस यांचाच. 1893 मध्ये खुद्द त्यांचं दहन टेकडीवर, उघड्यावर, हजारोंच्या गर्दीत झालं. मग आडोशाची सक्ती कुठे? ती आली 1902 च्या कायद्याने: दहन मान्य, पण नेमलेल्या दाहगृहातच. म्हणून ब्रायटनजवळच्या पॅचम टेकडीवरची छत्री मला या मालिकेत सर्वांत बोलकी वाटते. पहिल्या महायुद्धात तिथल्या रुग्णालयांत वारलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन या उघड्या माळावर झालं, रक्षा समुद्रात सोडली गेली. ज्या चौथऱ्यांवर सरण रचलं जाई, ते ग्रॅनाइटच्या शिळांनी झाकले. वर पांढऱ्या संगमरवराची छत्री. आराखडा मुंबईचे वास्तुकार ई. सी. हेन्रिक्स यांचा, अनावरण 1 फेब्रुवारी 1921 ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. ही निव्वळ माणुसकी होती, असं म्हणता येईल, आणि ती नव्हतीच असं मी म्हणणार नाही. पण कायदा तोच होता. साम्राज्याला शिपाई हवे होते, त्यांची निष्ठा हवी होती, म्हणून टेकडीवरच्या आगीला वाट मिळाली. फ्लॉरेन्समध्ये तीच वाट राजेपणाने मिळाली होती.

शिपाई किंवा राजा नसलेल्या माणसाने तेच मागितलं तेव्हा काय झालं? न्यूकॅसलचे दविंदर घई यांनी आपल्या पश्चात उघड्या चितेसाठी जागा मागितली; नगरपरिषदेने नकार दिला आणि प्रकरण अपील न्यायालयात गेलं. 2010 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न न सोडवताच. न्यायालयाने एवढंच ठरवलं की भिंती असलेली, छताला मोकळीक ठेवलेली रचनासुद्धा कायद्याच्या लेखी इमारतच असू शकते.