नेम आणि अंतर

जयपूर येथे सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेली जंतरमंतर ही वेधशाळा पाहावयास जाणाऱ्यास तेथे चक्रयंत्र नावाचे एक यंत्र दिसते. अंश कोरलेले धातूचे मोठे कडे आणि त्याच्या मध्याभोवती फिरणारी वेध घेण्याची नळी, अशी त्याची रचना आहे. नळी फिरवीत असता तारा तिच्यातून नेमका दिसू लागला, की कड्यावरील अंश वाचावयाचे. डोळा, नळी व तारा एका रेषेत आले म्हणजे वेध घेणाऱ्याचे काम संपले. कारण ताऱ्याकडून येणारा प्रकाश व्यवहारापुरता सरळच येतो.

बंदूक खांद्यास लावून नेम धरणारा मनुष्य वरवर पाहता हेच करीत असतो. नळीच्या मागील बाजूस असलेली खाच, तोंडाजवळची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही तो एका रेषेत आणतो. रायफलीवर दुर्बीण बसविलेली असेल तर दुर्बिणीतील फुली लक्ष्यावर टेकवितो. परंतु येथे एक मोठा भेद आहे. लक्ष्याकडून डोळ्याकडे येणारा प्रकाश सरळ येतो; नळीतून लक्ष्याकडे जाणारी गोळी मात्र सरळ जात नाही. रायफलीचा नेम जुळविणे म्हणजे या सरळ रेषेची आणि त्या वक्र रेषेची एका ठराविक अंतरावर गाठ घालून देणे होय.

गोळी नळीच्या बाहेर पडते त्याच क्षणापासून खाली पडू लागते. ती फार वेगाने जाते म्हणून काही अंतरापर्यंत पडत नाही, अशी समजूत पुष्कळांची असते. ती खरी नाही. आडव्या धरलेल्या नळीतून सुटलेली गोळी आणि त्याच उंचीवरून त्याच क्षणी हातातून सोडलेली गोळी, हवेचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तर, एकाच वेळी जमिनीस लागतील. वेगामुळे मिळते ती इतकीच सवलत, की थोडेसे पडण्याच्या अवधीत गोळी बरेच अंतर कापून जाते. असा मार्ग अन्वस्त आकाराचा असतो, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. हवेचा विरोध गोळीचा वेग किती झपाट्याने खातो, याचे मोजमाप बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने पुढे १७४२ साली मांडले. हवेमुळे तो अन्वस्त पुढच्या टोकाकडे अधिकाधिक खाली वाकत जातो.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. शिकारीच्या एका मध्यम रायफलीतून गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने निघते असे समजा. पहिले १०० मीटर कापण्यास तिला सेकंदाचा सुमारे आठवा भाग लागतो, आणि तेवढ्यात ती ८ सें. मी. खाली येते. २०० मीटरपर्यंत हे पडणे सुमारे ३५ सें. मी. होते आणि ३०० मीटरपर्यंत ८५ सें. मी. म्हणजे अंतर तिप्पट झाले तर पडणे तिप्पट होत नाही, दहापटीहूनही अधिक होते. नेम जुळविण्यातील सारी अडचण या एका गोष्टीत आहे.

उपाय असा, की नळीचे तोंड दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर उचललेले ठेवावयाचे. दुर्बीण नळीच्या ४ सें. मी. वर बसविलेली आहे आणि नेम २०० मीटरवर जुळवावयाचा आहे, असे धरले तर हे उचलणे अंशाच्या नवव्या भागाएवढेच असते. ते डोळ्यास दिसण्याजोगे नाही, पण त्याचा परिणाम मोठा होतो. गोळी दृष्टिरेषेच्या खालून निघते, वीसपंचवीस मीटरवर तिला पहिल्यांदा छेदून वर येते, १०० मीटरच्या सुमारास दृष्टिरेषेच्या साडेसात सें. मी. वर असते, आणि मग उतरत उतरत २०० मीटरवर तिला दुसऱ्यांदा छेदते. त्यापुढे ती झपाट्याने खाली जाते व ३०० मीटरवर दृष्टिरेषेच्या सुमारे ३० सें. मी. खाली असते. तीच रायफल १०० मीटरवर जुळविली असती, तर २०० मीटरवर गोळी १५ सें. मी. खाली आणि ३०० मीटरवर अर्ध्या मीटरहून अधिक खाली लागली असती.

यावरून ध्यानात येईल, की ‘बंदुकीचा नेम बरोबर आहे’ हे वाक्य अपुरे आहे. तो किती अंतरासाठी बरोबर आहे, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. अनुभवी शिकारी या वक्ररेषेचा युक्तीने उपयोग करीत. वर सांगितलेली २०० मीटरवर जुळविलेली रायफल घेतली, तर सुमारे २३० मीटरपर्यंत तिची गोळी दृष्टिरेषेपासून ८ सें. मी. पेक्षा अधिक वर किंवा खाली जात नाही. मोठ्या जनावराच्या छातीच्या मानाने हा फरक थोडा असल्यामुळे तेवढ्या टापूत अंतराचा विचार न करता नेम धरता येई. जुन्या विलायती रायफलींवर याहून सरळ सोय असे: मागील बाजूस १००, २००, ३०० यार्ड असे आकडे घातलेल्या लहान पट्ट्या बिजागरीवर बसविलेल्या असत, आणि अंतर पाहून हवी ती पट्टी उभी करावयाची असे.

प्रत्यक्ष जुळणी करावयाची ती शांतपणे, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून आणि अंतर मोजून. एका गोळीवरून काहीच ठरत नाही. कारण रायफल उत्तम असली आणि हात स्थिर असला, तरी लागोपाठच्या गोळ्या एकाच छिद्रातून जात नाहीत. तीन ते पाच गोळ्या झाडून त्यांच्या पुंजक्याचा मध्य पाहावयाचा आणि तो मध्य लक्ष्याच्या मध्याशी आणावयाचा. प्रत्येक गोळीनंतर स्क्रू फिरविणारा मनुष्य दिवसभर स्क्रूच फिरवीत बसतो. मागील खाच ज्या दिशेस सरकवावी त्या दिशेस गोळी सरकते. पुढील माशी सरकविली तर उलट होते. दुर्बिणीच्या स्क्रूची एक खटक बहुधा कोनाच्या पाव मिनिटाएवढी असते. १०० मीटरवर तिच्यामुळे सुमारे ७ मि. मी. फरक पडतो, २०० मीटरवर त्याच्या दुप्पट.

आता जयपूरच्या जुन्या शिकारखान्याकडे वळू. शहराच्या कडेच्या झालाना येथील डोंगरझाडीत आजही ‘शिकार ओदी’ नावाची जुनी इमारत उभी आहे. ओदी म्हणजे शिकारीसाठी बांधलेली पक्की बैठक. तिचा उपयोग केवळ आडोशापुरता नव्हता. ओदीसमोर आमिष बांधावयाचे, तर ते कोठे बांधावयाचे हे शिकाऱ्याच्याच हाती असे. म्हणजे अंतर आधीच ठरलेले असे. नेम जुळविण्याचा सर्वांत कठीण भाग अशा रीतीने बंदूक हाती घेण्यापूर्वीच उरकलेला असे. हाक्याच्या शिकारीत मात्र वाघ कोठून, किती अंतरावर निघेल याचा भरवसा नसे. रणथंभोरचे जंगल त्या काळी जयपूर दरबारचे शिकारीचे रान होते. १९६१ च्या जानेवारीत इंग्लंडची राणी एलिझाबेथ जयपूरला आली असता तिचे पती प्रिन्स फिलिप यांनी सवाई माधोपूरच्या बाजूस वाघ मारला, आणि त्या शिकारीवर त्याच वेळी टीकाही पुष्कळ झाली.

अंतराचा अंदाज चुकला तर काय होते, हे मागील आकड्यांवरून दिसतेच. ३०० मीटरवरील जनावर २०० मीटरवर समजून नेम धरला, तर गोळी तीस सें. मी. खाली जाते. ती छातीऐवजी पायात किंवा पोटात बसते. जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात शिरते. त्याची किंमत पुढे दुसऱ्याच कोणास द्यावी लागे. कुमाऊँमधील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी मारले, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. जुन्या बंदुकीच्या जखमेमुळे ते तुटले होते, आणि त्यामुळेच नेहमीची शिकार अशक्य होऊन ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार संपविली, आणि रणथंभोर १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक झाले. जयपुरात रायफल टिकली ती क्रीडेच्या रूपाने. जगतपुरा येथील नेमबाजी केंद्रात सराव करणाऱ्या अवनी लेखरा यांनी २०२१ साली झालेल्या टोकिओच्या पॅरालिंपिक स्पर्धेत १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक आणि ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळविले. २०२४ साली पॅरिसला १० मीटरचे सुवर्णपदक त्यांनी पुन्हा मिळविले. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकले, हे महाराष्ट्रातील वाचकांच्या स्मरणात असेलच.

या खेळात अंतर नियमाने बांधून टाकलेले असते. ५० मीटर जाण्यास लहान रायफलीच्या गोळीस सुमारे ०·१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती बारा सें. मी. हून अधिक खाली येते. दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०·४ मि. मी. व्यासाचे! तरीही या पडण्याने कोणाचे नुकसान होत नाही, कारण ते दर वेळी तेवढेच असते व एकदाच हिशेबात धरून टाकता येते. नुकसान होते ते असमानतेमुळे. एका काडतुसाचा वेग सेकंदाला ३३० मीटर आणि दुसऱ्याचा ३२५ मीटर असला, तर लक्ष्यावर जवळजवळ ४ मि. मी. फरक पडतो, आणि दहाचे नऊ होण्यास तेवढा पुरतो. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपल्या रायफलीस मानवणारी काडतुसे पारखून घेतात. एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेथील कसोटी अंतराची नसून श्वासाची, हृदयाच्या ठोक्याची आणि घोड्यावरील बोटाची आहे.

परंतु न ठरलेल्या अंतराचा जुना प्रश्न जयपूरच्या आसपास अजून जिवंत आहे, आणि तो आता जनावर वाचविण्यासाठी सोडवावा लागतो. झालानाच्या टेकड्यांत बिबळे राहतात आणि तेथून शहराची वस्ती काही पावलांवर आहे. बिबळ्या घराच्या गच्चीवर किंवा कारखान्याच्या आवारात शिरला, की वनखात्याचे पशुवैद्य भुलीची बंदूक घेऊन येतात. सरिस्काच्या जंगलातील सारे वाघ नाहीसे झाल्याचे २००५ च्या सुमारास उघड झाल्यावर, जून २००८ मध्ये रणथंभोरच्या वाघास हेलिकॉप्टरने तेथे नेण्यात आले. तेव्हाही आरंभ अशाच भूल देणाऱ्या सुईने झाला होता.

ही सुई म्हणजे औषध भरलेली व शेपटीस गोंडा लावलेली एक उडती पिचकारीच असते. बहुधा कोंडलेल्या वायूच्या दाबाने ती सोडतात. तिचा वेग सेकंदाला ६० मीटर धरला, तर ३० मीटर जाण्यास अर्धा सेकंद लागतो व तेवढ्यात ती सव्वा मीटरच्या जवळपास पडते. गोळीच्या बाबतीत २०० मीटरवर जी चिंता करावी लागे, तिच्या तिप्पट चिंता येथे ३० मीटरवरच करावी लागते. २० मीटरवर हेच पडणे साधारण अर्धा मीटर असते. म्हणजे दहा मीटरच्या चुकीने सुई मांडीऐवजी पोटऱ्यांत तरी लागेल, नाही तर डोक्यावरून तरी जाईल. शिवाय बंदूकवाल्यास नसलेले एक बंधन येथे आहे. लांबच्या अंतराचा दाब लावून जवळून सुई मारली, तर ती खोल शिरून स्नायू फाडते, प्रसंगी हाड मोडते. दाब कमी पडला तर अंगावर आपटून औषध न सोडताच खाली पडते. म्हणून आधी अंतर मोजावे लागते, आणि अंतर व सुईचे वजन यांच्या कोष्टकावरून वायूचा दाब लावावा लागतो. आज याकामी लेसरचा अंतरमापक वापरतात. त्याने मोजलेल्या तिरप्या अंतरातही एक फसगत आहे. बिबळ्या खाली विहिरीत किंवा वर झाडावर असेल, तर पडण्याच्या हिशेबात आडवे अंतरच धरावे लागते. ३० अंशांच्या उतारावर मोजलेले ४० मीटर हिशेबापुरते ३५ मीटरच असतात. जुन्या ओदीत बसून खाली नेम धरणाऱ्यासही हाच नियम लागू होता, पण गोळीच्या वेगामुळे तो त्यास फारसा जाणवत नसे.

राजस्थानातील हिवाळ्याच्या पहाटे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. थंडीत नळकांड्यातील कार्बन डायऑक्साइड वायूचा दाब उतरतो, आणि मे महिन्यातील दुपारी तो चढतो. त्यामुळे जनावराच्या जवळ जाण्यापूर्वी रिकामी सुई एकदोनदा मोजलेल्या अंतरावरील फळीवर मारून पाहणे इष्ट असते. सुई लागल्यावर औषध चढण्यास काही मिनिटे जातात. तोवर गर्दी मागे रोखून सर्वांनी निश्चल उभे राहावयाचे असते.