मंडळी आणि तिचा आठवडा

मराठी बायबलात ‘चर्च’ हा शब्द सापडत नाही. तिथे आहे ‘मंडळी’. पंगतीत ‘मंडळी, बसून घ्या’ म्हणताना जो शब्द तोंडी येतो, कीर्तनकार ज्या शब्दाने श्रोत्यांना हाक मारतो आणि जुन्या वळणाचा गृहस्थ ज्या शब्दाने बायकोचा उल्लेख करतो, तोच हा शब्द. इमारतीला देऊळ म्हणतात, चर्चही म्हणतात. मंडळी म्हणजे माणसे. म्हणून देऊळ बांधून झालेले नसले तरी मंडळी असू शकते. ती एखाद्याच्या ओसरीत भरते, पत्र्याच्या खोलीत भरते, लिंबाच्या झाडाखालीही भरते. मराठवाडा आणि नगर यांच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात ख्रिस्ती समाज आठवडाभर कसा जगतो, हे या शब्दातून बरेचसे उलगडते.

बीडच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या माथ्यावर मांजरसुंबा आहे. धुळे–सोलापूर महामार्गाला इथे नगरहून जामखेड, पाटोदा करत येणारा रस्ता छेदतो आणि पुढे नेकनूर, केजवरून अंबाजोगाईकडे जातो. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. लिंगायत भाविकांची तिथे मोठी यात्रा भरते. या चौकातून पश्चिमेला गेले की ख्रिस्ती मिशनांचे जुने मराठी माहेर, म्हणजे नगर. उत्तरेला बीड, गेवराई ओलांडून जालना. तिथे स्कॉटिश मिशनचे ठाणे होते. निजामाच्या मुलखातला बीड जिल्हा या दोन्हींच्या मधे पडला.

अमेरिकन मराठी मिशनने नगरला कायमचे ठाणे केले ते १८३१ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी तिथे पहिली मंडळी स्थापन झाली आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसवले. बीड मात्र १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिले आणि नगरच्या मिशनची मोठी रुग्णालये, शाळा, छापखाने सरहद्दीच्या पलीकडेच उभे राहिले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. नगरकडच्या जुन्या मंडळ्या तिच्या नाशिक धर्मप्रांतात गेल्या, मराठवाड्यासाठी वेगळा धर्मप्रांत आहे. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा. बीड त्यात येते.

संख्या थोडी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडा एकही नाही, आणि त्यांतले बहुसंख्य मुंबई, वसई, पुणे, नगर या पट्ट्यात. पंचवीस लाखांवर वस्तीच्या बीड जिल्ह्यात मंडळी म्हटली की डोळ्यांसमोर मोजकी घरे आणावीत. नगरकडच्या खेड्यांतले बरेचसे ख्रिस्ती एकोणिसाव्या शतकात महारवाड्या-मांगवाड्यांतून आलेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यास अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. खेड्यातल्या मंडळीच्या गरिबीचा विचार करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

लहान मंडळीला पूर्णवेळ पाळक, म्हणजे धर्मगुरू, परवडत नाही. एकच पाळक चार-सहा गावे सांभाळतो आणि एखाद्या गावाच्या वाट्याला महिन्यातून एखाद-दुसरा रविवार येतो. उरलेले रविवार गावातलीच माणसे चालवतात: निवृत्त शिक्षक, दवाखान्यातली नर्स, पेटी वाजवणारा पोरगा. प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आणि बाप्तिस्मा तेवढे पाळकासाठी राखून ठेवतात.

रविवारची उपासना सकाळी नऊ-दहाच्या सुमारास असते. घंटा असेल तर घंटा, नसेल तर टांगलेला लोखंडी रूळ बडवायचा. चपला दाराबाहेर, आत सतरंज्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. आधी गीत, मग पापांची कबुली, स्तोत्र, जुन्या आणि नव्या करारातली वाचने, सगळ्यांनी मिळून केलेला श्रद्धेचा उच्चार, मध्यस्थीची प्रार्थना, संदेश, दान आणि आशीर्वचन. या क्रमात बाहेरच्या माणसाचे लक्ष उपदेशाकडे जाईल. पण मंडळीचे कामकाज चालते ते मध्येच येणाऱ्या ‘सूचनां’त. चिटणीस चिठ्ठी काढून उभा राहतो: अमक्यांच्या आई बीडला दवाखान्यात आहेत, भेटायला कोण जाणार, बुधवारची प्रार्थना तमक्यांकडे, महिला मंडळाने वर्गणी शनिवारपर्यंत द्यावी, मागच्या रविवारचे दान इतके रुपये. कुणाचे लग्न ठरले असेल तर त्याचीही सूचना वाचली जाते, कुणाची हरकत असल्यास कळवावी म्हणून. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही लग्नाची सूचना चर्चमध्ये लावण्याची तरतूद आहे. पाच मिनिटांत आठवड्याभराची कामे वाटली जातात आणि कुणाच्या घरात काय चालले आहे हेही सगळ्यांना कळते. हे दुसरे प्रत्येकालाच आवडते असे नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बहुतेक ठिकाणी प्रभुभोजन असते. मराठी बायबलाने रोटीला ‘भाकर’ म्हटले, त्यामुळे ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला तो विधी परका वाटत नाही. द्राक्षरस विकत मिळत नाही तिथे काळे मनुके आदल्या रात्री पाण्यात घालून, उकळून, गाळून घेतात. हे काम पिढ्यान् पिढ्या एखाद्याच घराकडे असते आणि ते घर ते दुसऱ्याला सहसा देत नाही.

गाण्यांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. मिशनऱ्यांनी आणलेली गीते इंग्रजी चालींवर बसवलेली होती. शब्द मराठी, पण ताल जमत नसे. नगरला एकोणिसाव्या शतकातच कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ओवी, अभंग, भजन यांना उपासनेत हक्काची जागा मिळवून दिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची गाणी ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही मोठ्या संख्येने आहेत. ढोलकी, पेटी आणि झांज एवढ्यावर ती उभी राहतात. गावातला वारकरी भजनी आणि मंडळीतला ढोलकीवाला एकमेकांचे ठेके ओळखतात, प्रसंगी एकमेकांची वाद्ये उसनी नेतात. अलीकडे कीबोर्ड आणि ध्वनिक्षेपकाने हिंदी ‘वर्शिप’ गाणी आणली आहेत. तरुणांना ती आवडतात. आवाज जरा कमी ठेवला तर थोरांनाही आवडतील.

सोमवारी सगळे आपापल्या कामाला लागतात. आठवड्याचा कणा असतो मधल्या वारची घरप्रार्थना. ती पाळीपाळीने फिरते. संध्याकाळी स्वयंपाक आटोपून आठ-साडेआठला माणसे जमतात. दोन गाणी होतात, एक वाचन होते आणि मग प्रत्येकजण आपापली अडचण बोलतो: मुलीची परीक्षा, बोअरला न लागलेले पाणी, दारू सोडलेला नवरा पुन्हा घसरला ते. त्यावर प्रार्थना होते आणि शेवटी चहा. ज्या घरात प्रार्थना असते तिथे शेजारच्या हिंदू, मुसलमान बायकाही दाराशी येऊन बसतात. आजारी लेकराला पुढे करतात. शुक्रवारी किंवा शनिवारी काही ठिकाणी उपवास-प्रार्थना असते, बायकांची वेगळी बैठक असते. मुलांचे संडे स्कूल रविवारीच, उपासनेच्या आधी किंवा नंतर. वचने पाठ करणे आणि गोष्टी ऐकणे हा त्याचा गाभा, आणि खाऊ हे खरे आकर्षण.

पैशाची बाजू साधी आहे. कमाईचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, देण्याची शिकवण आहे. मजुरी करणाऱ्याला तो नेहमी जमतोच असे नाही. म्हणून कापणीचा सण महत्त्वाचा. सुगीनंतरच्या एका रविवारी ज्वारीची कणसे, बाजरी, तूर, अंडी, कोंबडी, भोपळा, घरची चटणी असे सगळे वेदीपुढे मांडतात आणि उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. तीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो. घेणारा तो पुन्हा दान करतो आणि त्याच भोपळ्यावर दुसऱ्यांदा बोली लागते. कोंबडी मात्र पहिल्याच फेरीत घरी जाते. या एका दिवशी जमलेल्या रकमेवर पुष्कळ लहान मंडळ्यांचे वर्षभराचे वीजबिल आणि दुरुस्ती निघते.

बालाघाटावर ऋतूंपेक्षा ऊसतोडीचा हंगाम मोठा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना हिशेबात ‘एक कोयता’ धरतात, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. गावात मागे राहतात म्हातारी आणि शाळेतली पोरे. मग मंडळी कोणतीही असो, भजनी असो की ख्रिस्ती, ती निम्म्यावर येते, आणि नाताळ नेमका या दिवसांत येतो. मागे राहिलेल्यांकडे लक्ष ठेवणे हे अशा महिन्यांत कोणत्याही मंडळीचे पहिले काम ठरते: आजीची औषधे, नातवाचा डबा, शाळेतली हजेरी. डिसेंबरच्या मध्यापासून तरुण संघ पेटी-ढोलकी घेऊन घरोघर नाताळगीते म्हणत फिरतो. दिवाळीत जो फराळ होतो तोच, म्हणजे करंजी, शंकरपाळी, चिवडा, चकली, नाताळात मराठी ख्रिस्ती घरांत पुन्हा होतो आणि ताटे शेजारीपाजारी जातात. दिवाळीत आलेले ताट रिकामे परत करायचे नसते, तेव्हा हा हिशेब दोन महिन्यांनी पुरा होतो.

सेवा हा मंडळीचा वेगळा विभाग नसतो. ती अशीच सूचनांतून आणि घरप्रार्थनांतून निघते. मिशनच्या काळात ‘बायबल बाई’ नावाची एक कामकरीण असे. ती घरोघर जाऊन वाचून दाखवी, बायकांना अक्षर शिकवी, बाळंतिणीची चौकशी करी. तिच्या कामाची फारशी नोंद नाही. १८७६ ते १९०० या काळातल्या मोठ्या दुष्काळांत मिशनांनी अनाथालये आणि उद्योगशाळा उघडल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनने १८९६–९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. पुढे नगरला येशूसंघीय फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंनी पाणलोटाचे काम उभे केले. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे, श्रमदान गावाने करायचे आणि चराईबंदी गावानेच पाळायची ही त्यांची पद्धत. १९९३ मध्ये त्यांच्या प्रेरणेने नगरला ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन झाला.

पण या पट्ट्यात ख्रिस्ती सेवाभावाचे सर्वांत ठळक उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले जोडपे नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या रुग्णालयात काही वर्षे राबले. बरा करून पाठवलेला रोगी त्याच आजाराने पुन्हा येतो, हे तिथे त्यांनी पाहिले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावाकडूनच एकेक बाई मागितली. आलेल्या बायकांत पुष्कळ निरक्षर, दलित, काही टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत आणि परत जाऊन बाळंतपणे, लसी, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोग्याची जखम हे सगळे सांभाळत. १९७२ च्या दुष्काळात कूपनलिका खणताना हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवला गेला. पाणी हवे तर सवर्णांनी तिथे यावे लागले, आणि ते आले. १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये.

जामखेडचा प्रकल्प कुठल्या मंडळीचा नव्हे आणि तिथे धर्म पाहून औषध दिले जात नाही. तरी त्याची रीत ओळखीची वाटते: पाळक नसला तरी उपासना चालवणारी माणसे आणि डॉक्टर नसला तरी गाव सांभाळणारी बाई, दोन्ही एकाच विश्वासावर उभी आहेत. प्रकल्प पाहायला, शिकायला जगभरातून माणसे येतात. मांजरसुंब्याच्या चौकातून पाटोद्याकडे वळले की तोच रस्ता जामखेडला जातो. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला ते एका एसटीचे अंतर आहे.