सफरीची माहितीपत्रके : छायाचित्राची साक्ष

दरपत्रकाची फोड या आठवड्यात करण्याचे मी कबूल केले होते. परंतु नागपूरच्या एका वाचकांनी मध्येच असा प्रश्न उपस्थित केला आहे, की त्याचा निकाल लावल्यावाचून आकड्यांकडे वळणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे, की टांझानिया, नामिबिया किंवा झिम्बाब्वे येथील सफर-कंपन्यांच्या पत्रकांतील छायाचित्रे कंपनीनेच काढविलेली, तिनेच निवडलेली आणि तिच्याच फायद्याची असतात. मग हजारो डॉलर मोजणारा जाणता शिकारी त्यांवर भरवसा ठेवतो तरी कसा?

तो भरवसा ठेवत नाही; त्या छायाचित्रांची तो उलटतपासणी घेतो. सूर्यास्ताची, तंबूपुढच्या शेकोटीची, पांढऱ्या चादरीवर मांडलेल्या भोजनाची चित्रे तो भराभर उलटतो आणि शिकारीच्या पानावर येऊन थांबतो. कारण कंपनीने मजकुरात काहीही लिहिलेले असो, मारलेले जनावर आपले वय लपवू शकत नाही.

आफ्रिकेतील रानरेड्याचेच पाहा. नराची दोन्ही शिंगे बुडाशी रुंद होत कपाळावर एकमेकांजवळ येतात आणि तेथे त्यांचे जाड कवच बनते. तिकडचे शिकारी त्याला बॉस म्हणतात. तरुण नराच्या शिंगांचा पसारा चांगला चाळीस इंचांवर गेलेला असला, तरी त्याचे हे कवच पुरते घट्ट झालेले नसते, मधल्या फटीत केस दिसतात आणि कडांशी शिंग अजून मऊ असते. साधारणपणे सात-आठ वर्षांचा झाल्यावर ते दगडासारखे कठीण होते. पुढे उतारवयात शिंगांची टोके झिजतात आणि पसारा उलट कमी भरतो. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी १८९२ मध्ये शिकारीच्या मापांची नोंदवही छापण्यास प्रारंभ केल्यापासून इंचांची मातब्बरी फार वाढली आणि पत्रकांतही इंच ठळक अक्षरांत झळकू लागले. परंतु ज्याने रानात वर्षे काढली आहेत, तो आकडा सोडून त्या कपाळावरच बोट ठेवतो. मुखपृष्ठावरचाच रेडा कच्च्या शिंगांचा असेल, तर त्या कंपनीच्या वाटाड्या शिकाऱ्याला वय ओळखता येत नाही, किंवा येत असूनही गिऱ्हाइकाच्या हट्टापुढे तो मान तुकवितो, एवढे त्याला त्या एका चित्रातून कळते. यांपैकी कोणतेही खरे असले, तरी कळपातील वंश चालविणारे नर तेथे अकाली मारले जात आहेत, असाच त्याचा अर्थ होतो. मला स्वतःला तर अशा चित्राखाली अभिमानाने छापलेले माप वाचताना फार वाईट वाटते.

सिंहाच्या बाबतीत हीच साक्ष नाक देते. छाव्याचे नाक गुलाबी असते आणि वयाबरोबर त्यावर काळे ठिपके वाढत जातात; क्रेग पॅकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेंगेटीतील सिंहांवरून हा ठोकताळा २००४ मध्ये शास्त्रीय पायावर मांडला. टांझानियाने पुढे सहा वर्षांखालील सिंह मारू नये, असा दंडक घातला, तेव्हापासून नाक स्वच्छ दिसेल असे चित्र छापणारी कंपनी मला अधिक विश्वासार्ह वाटते.

आता चित्र घेण्याच्या पद्धतीविषयी. जनावराच्या अंगावरचे रक्त पुसणे, बाहेर आलेली जीभ आत सारणे, पुढचे गवत दाबून टाकणे आणि हनुवटीखाली दगडाचा टेकू देऊन मस्तक उचलून धरणे, हा सर्वत्र पाळला जाणारा शिरस्ता आहे, आणि त्यात मृत प्राण्याचा मान राखला जात असल्याने माझी त्याला मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती शिकाऱ्याला जनावराच्या मागे चांगला दोन हात अंतरावर बसवून, कॅमेरा शिंगांच्या पुढ्यात जमिनीलगत आणून, मध्यम शिंगे विक्राळ भासविण्याला. शिंगावर हात टेकलेला असेल, तर पंजा आणि शिंग यांचे प्रमाण खोटे ठरत नाही. म्हणून अनुभवी डोळे प्रथम हात शोधतात, आणि तो कुठे दिसतच नसेल तर सावध होतात.

पार्श्वभूमीही बोलते. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने पुरेसे कुंपण घालणाऱ्या जमीनमालकाचा वन्य जनावरांवरील मालकीहक्क मान्य झाला आणि खासगी रानांचा व्यवसाय बळावला. तेथील शिकार कायदेशीरच असते, परंतु पत्रकात मोकळ्या अरण्याचे वर्णन असावे आणि झुडपांमागे तारेचे खांब दिसावेत, हे शिकाऱ्याला खपत नाही. टांझानियात शिकारीचे टापू मुदतीने दिले जातात; म्हणून चित्र कोणत्या वर्षीचे, आणि तो टापू आजही त्याच कंपनीकडे आहे काय, हे दोन प्रश्न तो पत्राने विचारतोच. एकच रेडा तीन पानांवर तीन बाजूंनी छापलेला असेल, तर शिंगाच्या तुटलेल्या टोकावरून तो त्याला हुडकून काढतो, आणि उत्तम हंगामाच्या बढाईचा हिशेब तिथल्या तिथे उलगडतो.

प्रश्नकर्त्यांच्याच नागपुरात विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्यापूर्वी ऑल्विन कूपर ही कंपनी काढली होती, हे त्यांना ठाऊक असेलच. मध्य भारतातील अरण्यांत शिकारीच्या सफरींबरोबर छायाचित्रणाच्या सफरींचीही तजवीज ती करीत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील शिकारीचा हा व्यवसाय मिटला. म्हणूनच या लेखमालेतील ताजी उदाहरणे आफ्रिकेतून घ्यावी लागतात.

दरपत्रक आता पुढील आठवड्यात. तोवर वाचकांनी एक कलम मात्र नजरेखालून घालून ठेवावे: जनावर जखमी होऊन झाडीत नाहीसे झाले आणि हाती लागले नाही, तरी बहुतेक करारनाम्यांप्रमाणे त्याचे पुरे शुल्क भरावे लागते. हे कलम पत्रकात दररोजच्या दराशेजारी छापावे, की सफर ठरल्यावर पाठविल्या जाणाऱ्या करारनाम्यात ठेवावे, यावर शिकारी आणि कंपन्या यांच्यात मोठा वाद आहे, आणि त्यात माझा कौल शिकाऱ्यांच्या बाजूने आहे.