दार लोटा, आत या!

‘आवडेल ते चित्र काढा’ असं म्हटलं की आमच्या चौथीच्या वर्गातली निम्मी मुलं एकच चित्र काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी आणि नदीकाठी उतरत्या छपराचं एक घर. तुम्हीसुद्धा काढलं असेल, हो ना? त्या दिवशी मी सहज विचारलं, “अरे, एवढ्या डोंगरात या घरातली माणसं करतात तरी काय?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “बाई, ती सुट्टीला आलीयेत!” सगळा वर्ग हसला. पण मुलांनो, अशी घरं आणि अशी सुट्टी खरोखरच असते बरं का! ती पाहायला आज आपण युरोपातल्या आल्प्स पर्वतात जाऊ. आल्प्स मीही अजून फक्त नकाशावर आणि पुस्तकांतच पाहिलाय, हे आधीच सांगून टाकते.

फ्रान्सपासून स्लोव्हेनियापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर पसरलेला हा पर्वत. तिथल्या लोकांच्या बोलीत ‘आल्प’ म्हणजे डोंगरावरचं उंच कुरण. उन्हाळा आला की गवळी गाई घेऊन त्या कुरणांवर जात, तिथेच राहत आणि दुधाचं चीज करत. त्यांचं लाकडी घर म्हणजे ‘शाले’. आपल्या कोकणातलं छप्पर पाऊस भराभर वाहून जावा म्हणून चांगलं उतरतं असतं. शालेचं छप्पर मात्र रुंद आणि कमी उताराचं. का? तर त्यावर बर्फ साठून राहावा म्हणून! बर्फाचा जाड थर गोधडीसारखं काम करतो, घरातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. फळ्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून छपरावर मोठे दगडही ठेवत. ‘हायडी’ची गोष्ट वाचली असेल, तर तिच्या आजोबांचं घर आठवा. आज पुष्कळ शाले सुट्टीसाठी भाड्याने मिळतात. उन्हाळ्यात लोक डोंगरात चालायला येतात, हिवाळ्यात बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाला, म्हणजे स्कीइंगला. आपल्या हिंदी सिनेमांतली कितीतरी गाणी याच घरांच्या अंगणात झाली आहेत!

पण मला तुम्हाला सांगायचंय ते शालेच्याही वर, जिथे गवत संपतं आणि खडक नि बर्फ सुरू होतो, तिथल्या निवाऱ्यांबद्दल.

फार पूर्वी लोक आल्प्स ओलांडत ते हौसेने नव्हे, गरज म्हणून. इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे, २,४६९ मीटर उंचीवर. तिथे अकराव्या शतकात ख्रिस्ती साधूंनी धर्मशाळा बांधली. वादळात चुकलेल्या वाटसरूंना शोधून आणायचं, गरम खाऊ घालायचं, हे त्यांचं काम. पुढे त्यांनी मोठे, केसाळ कुत्रे पाळले. त्यांतला बॅरी सगळ्यांत प्रसिद्ध. इ. स. १८०० ते १८१४ एवढंच त्याचं आयुष्य, पण त्याने चाळीसहून अधिक माणसं वाचवली असं सांगतात. चित्रांत या कुत्र्यांच्या गळ्यात छोटं पिंप दिसतं ना, ती मात्र चित्रकाराची कल्पना! बॅरीचं शरीर पेंढा भरून बर्नच्या संग्रहालयात जपून ठेवलं आहे. आता वाचवायचं काम हेलिकॉप्टरं करतात. साधू मात्र अजूनही त्या धर्मशाळेत बारा महिने राहतात आणि येईल त्याला ठेवून घेतात.

मग एकोणिसाव्या शतकात लोकांना शिखरं चढण्याचा नाद लागला. १८६३ साली ‘स्विस अल्पाइन क्लब’ स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्यांनी तोडी नावाच्या शिखराजवळ दगडाची एक लहानशी झोपडी बांधली. गिर्यारोहकांनी रात्र काढावी, एवढाच हेतू. आज एकट्या या क्लबच्या अशा सुमारे १५० ‘हट’ आहेत. इटली, फ्रान्स, ऑस्ट्रिया इथल्या वेगळ्याच.

हटमध्ये सुट्टी घालवायची म्हणजे कशी, ऐका. मोटार वरपर्यंत जात नाही. दोन तास, चार तास, कधी सहा तास चालायचं. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बूट काढणं. (हे आपल्याला शिकवावं लागणार नाही!) दारातच सपाता ठेवलेल्या असतात. स्वतंत्र खोली क्वचितच मिळते. एका लांबलचक फळीवर गाद्या, शेजारी शेजारी दहा जण. पाणी जपून वापरायचं, कारण काही ठिकाणी ते बर्फ वितळवून मिळतं. धान्य, बटाटे, जळण बहुतेक ठिकाणी हेलिकॉप्टरने येतं, म्हणून सूपसुद्धा महाग पडतं. आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली न्यायचा. जेवण सगळ्यांचं एका वेळी, एका टेबलावर. रात्री दहाला दिवे बंद.

आणि उठायचं किती वाजता? शिखरावर जाणारे पहाटे दोन-तीनला उठतात! रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट झालेला असतो. ऊन चढलं की तो मऊ पडतो, गोठून धरलेले दगड सुटून खाली येतात. म्हणून दुपारच्या आत परतलेलं बरं.

काही हट अगदी जगावेगळ्या जागी आहेत. इटलीतली ‘मार्गेरिता’ ४,५५४ मीटरवर, एका शिखराच्या माथ्यावरच बसलेली. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे जवळजवळ पावणेतीन कळसूबाई एकावर एक! १८९३ साली इटलीच्या राणीने तिचं उद्घाटन केलं आणि रात्री तिथेच मुक्काम केला. हवा इतकी विरळ की धडधाकट माणसाचंही डोकं दुखू लागतं. त्यामुळे डॉक्टरांनी तिथेच प्रयोगशाळा थाटली.

दुसरी ‘कोंकोर्डिया’, आल्प्समधल्या सर्वांत लांब अलेच हिमनदीच्या काठावर. १८७७ साली तिथे पहिली हट बांधली, तेव्हा खालचा बर्फ जेमतेम पन्नास मीटरवर होता. पृथ्वीचं तापमान वाढतंय, हिमनदी वितळून खाली खाली चालली आहे. आता बर्फावरून हटपर्यंत जायला खडकावर लोखंडी जिना ठोकला आहे. दिवसभर चालून दमल्यावर साडेचारशेहून अधिक पायऱ्या! बर्फ खाली गेला की जिना खालच्या बाजूने वाढवावा लागतो.

प्रत्येक हटमध्ये एक वही असते. आलात की नाव लिहायचं आणि उद्या कुठे जाणार तेही. पुष्कळांना हा कंटाळवाणा उद्योग वाटतो. पण कुणी हरवलं की शोधणारे आधी ही वहीच उघडतात. संकटात सापडलात तर खूणही ठरलेली आहे : एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरीचा उजेड, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा. ज्याने ऐकलं त्याने मिनिटात तीन वेळा उत्तर द्यायचं. १८९४ सालापासूनची ही खूण. घरी करून पाहा. खऱ्या डोंगरात मात्र गंमत म्हणून कधीही नाही हं!

हिवाळ्यात हटचा रखवालदार खाली गावात जातो. स्वयंपाकघर बंद, खिडक्या बंद. पण एक खोली बंद होत नाही. तिला म्हणतात ‘हिवाळ्याची खोली’. आत गाद्या, घोंगड्या, चूल, भांडी आणि फोडून रचलेली लाकडं. काही देशांत तिची किल्ली आधी मागून घ्यावी लागते. पण स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी दाराला कुलूपच नसतं. वादळात सापडलेला माणूस अर्ध्या रात्री आला, तर किल्ली कुठून आणणार? दार लोटायचं, चूल पेटवायची आणि जगायचं. जाताना पेटीत पैसे टाकायचे, नाहीतर घरी जाऊन पाठवायचे.

हे सांगितल्यावर वर्गात गोंधळच उडाला. “बाई, चोरी होत नाही? पैसे न देताच पळत असतील!” खरंय, तसेही लोक असतात. वर्गात दोन तट पडले. एक म्हणे कुलूप लावा, एक म्हणे नको. एरवी गप्प बसणारी एक मुलगी उठून म्हणाली, “कुलूप लावलं तर चोर दुसरीकडे जाईल, पण थंडीत आलेला माणूस कुठे जाईल?”

त्यावर कुलूपवाले थोडा वेळ गप्प झाले. मग त्यांच्यातल्याच एकाने विचारलं, “आणि लाकडं संपली तर?”

संपू द्यायची नाहीत. निघण्याआधी खोली झाडायची, राख काढायची, घोंगड्या घडी करायच्या आणि पुढे येणाऱ्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. मग बर्फ आत शिरू नये म्हणून दार घट्ट ओढून घ्यायचं आणि निघायचं.

तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांचा वाद चालूच होता.