बोट कोणाच्या हाती द्यावी?

1892 साली अमेरिकेतल्या फेअरहेवन गावी जोशुआ स्लोकम नावाच्या बेकार कप्तानाला एका ओळखीच्या म्हाताऱ्या दर्यावर्दीने एक बोट फुकट देऊ केली. ‘स्प्रे’ हे तिचं नाव. कधीकाळी कालवं काढायला जाणारी ही बोट तेव्हा समुद्रापासून दूर, एका शेतात टेकू लावून उभी होती. स्लोकमने आसपासच्या रानातला ओक तोडून तिचा कणा नवा केला, मग वासे, मग फळ्या. असं करत करत जुन्या बोटीचं जवळजवळ काहीच शिल्लक राहिलं नाही. हिशेब त्याने नीट मांडून ठेवला आहे: सामानाला 553 डॉलर 62 सेंट आणि स्वतःची तेरा महिन्यांची मेहनत. त्या मेहनतीपुढे आकडा नाही. पुढे 1895 ते 1898 या काळात याच बोटीतून त्याने एकट्याने पृथ्वीला फेरी घातली आणि असं करणारा तो पहिला माणूस ठरला. जुनी बोट स्वतःच्या हातांनी उभी करणाऱ्या हौशी माणसांची जगभर जी जमात आहे, तिचा हा मूळपुरुष. त्या जमातीतल्या प्रत्येकापुढे कधीतरी एक प्रश्न उभा राहतो: वर्षानुवर्षं जीव ओतून सजवलेली बोट आता वापरली जात नाही, तर ती ठेवावी की विकावी? माझं मत असं की हा प्रश्न सहसा चुकीच्या टोकाने धरला जातो. आपण तिच्यात किती घातलं इथून विचार सुरू होतो. पुढची पाच-दहा वर्षं तिचं काम कोण करणार, तिला पाण्यात कोण नेणार, या एकाच गोष्टीवर निर्णय व्हायला हवा. ते काम आपल्याच्याने होत नसेल, तर बोट धडधाकट आहे तोवरच दुसऱ्याला द्यावी.

पैशाचा मुद्दा आधी निकालात काढू. दुरुस्त केलेल्या लाकडी बोटीला मिळणारी किंमत तिच्यावर झालेल्या खर्चाच्या जवळपासही क्वचितच पोचते. गिऱ्हाइकाने काही लबाडी केली म्हणून असं होत नाही. 1960 च्या दशकापासून फायबरग्लासच्या बोटी कारखान्यात साच्यातून निघू लागल्या. त्या स्वस्त पडतात आणि त्यांना दरवर्षी खरवडून रंगवण्याची तेवढी गरज नसते. तेव्हापासून लाकडी बोट हवी असणारा गिऱ्हाईक म्हणजे मुद्दाम हा व्याप अंगावर घेणारा माणूस. असे लोक मोजके. त्यातही घेणारा येतो तो सर्वेक्षकाला बरोबर घेऊन. सर्वेक्षक फळ्यांवर हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, आरीचं टोक टोचून लाकूड मऊ लागतं का पाहतो, एखाद-दुसरा खिळा उपसून तपासतो. त्याच्या अहवालात आजची अवस्था असते आणि उद्याचा खर्च असतो. मालकाने जागवलेल्या रात्रींसाठी त्यात रकाना नाही, आणि तो असावा अशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही. ‘निदान घातलेले पैसे निघू देत, मग विकू’ असं म्हणणारा मालक कधीच न येणाऱ्या दिवसाची वाट पाहत असतो. गोदीचं भाडं, विमा, रंग आणि दोरखंड मात्र त्या वाट पाहण्याच्या काळातही थांबत नाहीत.

आणि लाकूडही थांबत नाही. माझ्या म्हणण्याचा खरा आधार हाच आहे. गावाकडचा चिरेबंदी वाडा दोन-चार पावसाळे बंद राहिला तरी बहुधा तग धरतो, पुढे पैसे आले की कौलं फिरवता येतात. फळ्या जोडून बांधलेली बोट तशी राहत नाही. तिच्या फळ्यांमधल्या फटींत सुतळी किंवा कापूस ठासून भरलेला असतो. पाण्यात असताना लाकूड फुगतं, फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि फट मिटते. बोट बराच काळ कोरड्यावर राहिली की लाकूड आक्रसतं, फटी उघडतात, कधी फळीच तडकते. खारं पाणी लाकडाला मानवतं. घात करतं ते पावसाचं गोडं पाणी, जे डेकवरच्या एखाद्या बारीक चिरेतून आत झिरपतं आणि वारा लागत नाही अशा कोपऱ्यात साचून राहतं. तिथे बुरशी धरते आणि वरून चकचकीत रंग दिसत असताना आतला वासा भुसभुशीत होतो. लोखंडी खिळे असतील तर गंज आजूबाजूचं लाकूडही खाऊन टाकतो. वापरातल्या बोटीवर हे सगळं वेळेत लक्षात येतं, कारण माणूस आत वावरतो, झडपा उघडतो, तळातलं पाणी उपसतो, ओल कुठून येते ते पाहतो. ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या बोटीवर ते कळतं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे ‘तूर्त विकत नाही, नुसती ठेवतो’ हा मधला मार्ग वाटतो तसा मधला नाहीच. तो सावकाश घेतलेला मोडीत काढण्याचा निर्णय असतो, फक्त तो घेतल्याचं मालकाला कळत नाही.

यावर पहिलं उत्तर येतं ते संग्रहालयाचं. विकणं जिवावर येतं आणि सांभाळणं झेपत नाही, तर एखाद्या संस्थेकडे सोपवावी. दोन नामवंत बोटींचा इतिहास या उपायाची मर्यादा दाखवतो. त्यातली एक आपल्या मुंबईची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजावरचे इंग्रज अधिकारी. त्यांची 32 फुटी ‘सुहैली’ कुलाब्याच्या गोदीत सागवानात बांधली गेली आणि 1964 च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. इथल्या कारागिरांनी वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता असल्या हत्यारांनी ती घडवली. 1968 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारायला नऊ जण निघाले. 22 एप्रिल 1969 रोजी फाल्मथला परत पोचली ती एकटी सुहैली. 1997 मध्ये तिला मानाने ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आलं. दक्षिण महासागराच्या लाटांनी जे झालं नाही ते तिथल्या नियंत्रित, कोरड्या हवेने होऊ लागलं. फळ्या आक्रसायला लागल्या. 2002 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढलं, दुरुस्त केलं आणि पुन्हा समुद्राला दाखवलं. संग्रहालयाने हेळसांड केली असं इथे कोणीच म्हणत नाही. चित्रांना आणि कागदांना जी हवा योग्य, ती समुद्रात भिजलेल्या सागाला सोसत नाही, इतकंच.

दुसरी ‘जिप्सी मॉथ IV’. हिच्यातून फ्रान्सिस चिचेस्टर यांनी वयाच्या पासष्टीत, 1966-67 साली, वाटेत एकट्या सिडनीला थांबून पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतल्यावर एलिझाबेथ राणीने ग्रीनिचला त्यांना ‘सर’ केलं, तेही ज्या तलवारीने पहिल्या एलिझाबेथने दर्यावर्दी ड्रेकला गौरवलं होतं त्याच तलवारीने. बोट तिथेच, ‘कटी सार्क’ या जहाजाशेजारी, कोरड्या गोदीत कायमची उभी केली गेली. राष्ट्राचा ठेवा म्हणून लाखो लोकांनी ती पाहिली आणि उघड्यावरच्या पाऊसपाण्यात ती हळूहळू कुजत गेली, इतकी की लोकांना वर चढू देणंही बंद करावं लागलं. शेवटी ‘यॉटिंग मंथली’ या मासिकाने तिच्यासाठी मोहीम उघडली आणि काउझच्या एका नौकानयन शिक्षणसंस्थेने ती विकत घेतली. किंमत होती एक पौंड आणि एक पेला जिन-टॉनिक. 2005 साली गॉस्पोर्टला, ज्या कंपनीने बांधली होती तिच्याच गोदीत, ती नवी करण्यात आली आणि तरुण मुलांना घेऊन पुन्हा जगाच्या फेरीला निघाली. 2006 च्या एप्रिलमध्ये रांगिरोआ या प्रवाळबेटावर ती आदळली, कुशीला मोठी भोकं पडली. तिला ओढून काढलं, ऑकलंडला दुरुस्त केलं आणि 28 मे 2007 रोजी, चिचेस्टर परतल्याला बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, ती प्लिमथला पोचली. सुरक्षित उभी असताना ती मरत होती. खडकावर आपटल्यावर मात्र ती वाचली, कारण तेव्हा तिच्याभोवती काम करणारी माणसं होती.

या गोष्टीचा पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. एवढ्या प्रेमाने आणि लोकवर्गणीच्या बळावर उभी केलेली हीच बोट त्या शिक्षणसंस्थेने 2010 साली विकली. तिचा वार्षिक खर्च संस्थेच्या मूळ कामाला जड जाऊ लागला होता. हे वाचून अनेकांना वाईट वाटेल, लोकांनी दिलेल्या देणगीचा हा अवमान नाही का, असंही कोणी विचारेल. माझ्या मते नाही. देणाऱ्यांनी पैसे दिले होते ते बोट पुन्हा समुद्रावर जावी म्हणून, आणि ती गेली. संस्थेने हट्टाने ती धरून ठेवली असती आणि दर हिवाळ्याची दुरुस्ती पुढे ढकलली असती, तर दहा वर्षांत तीच ग्रीनिचची कथा पुन्हा घडली असती. ती विकली गेली तेव्हा चालती होती. म्हणूनच घेणारे मिळाले आणि त्यांनी तिला पाण्यात ठेवलं. संस्थेला जे जमलं ते एकट्या मालकाला अवघड जातं, कारण संस्थेला ताळेबंद मांडावाच लागतो आणि माणसाला तो मनाच्या मागच्या कप्प्यात ढकलता येतो.

आता सर्वांत जोरकस आक्षेप. नॉक्स-जॉन्स्टन यांनी तर सुहैली विकली नाही, आणि आज तिच्याकडे पाहून ते चुकले असं कोण म्हणेल? खरं आहे. शर्यतीआधी नव्या, मोठ्या बोटीसाठी पैसे जमवताना त्यांनी तिला विकायला काढलं होतं. पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून ते तिच्यातूनच निघाले आणि जिंकले. त्या दिवसांत सौदा जमला असता तर जगाच्या नौकानयनाचा इतिहास वेगळा झाला असता. पण या उदाहरणातून ‘कधीच विकू नये’ असा अर्थ काढता येत नाही. संग्रहालयातून बाहेर काढल्यावर त्यांनी तिला नुसतं आपल्या नावावर ठेवलं नाही. पुढल्या दशकात सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने तिचे गंजलेले खिळे-बोल्ट बदलण्याच्या कामात स्वतः हात घातला आणि 2018 मध्ये शर्यतीच्या पन्नाशीला सुहैली फाल्मथच्या समुद्रात शिडं उभारून हजर होती. काम करायची उमेद आहे, हात चालतात, शिडं चढतात, तर बोट ठेवावी, अगदी म्हातारपणीही. वयाचा इथे संबंध नाही, पैशाचाही थोडाच. याउलट स्लोकमने स्प्रे अखेरपर्यंत सोडली नाही, पण शेवटच्या वर्षांत तिची निगा उरली नव्हती असं तिला पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. 1909 च्या नोव्हेंबरात तो तिच्यातून दक्षिणेकडे निघाला आणि दोघंही पुन्हा दिसले नाहीत. का बुडाले हे कोणालाच सांगता येणार नाही, तेव्हा दोष बोटीच्या माथी मारणं योग्य नाही. पण प्रेम आणि निगा या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटू शकतात, एवढं तिच्या अखेरच्या अवस्थेवरून नक्की दिसतं.

घेणाऱ्याने तिची वाट लावली तर? ही भीती अनाठायी नाही. ब्रिटनमध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, 33 फुटांहून लांब अशा ऐतिहासिक बोटींची राष्ट्रीय नोंदवही आहे, पण संरक्षित इमारतीला कायद्याचं जे कवच मिळतं ते नोंदीतल्या बोटीला मिळत नाही. मालक बदलला की तिचं काय करायचं ते नवा मालक ठरवतो. म्हणूनच किंमत कमी आली तरी चालेल, पण माणूस पारखून घ्यावा, असं मी म्हणेन. बर्नार मॉइतेसिए या फ्रेंच नाविकाने हे टोकाच्या परिस्थितीत केलं. गोल्डन ग्लोबच्या शर्यतीतूनच प्रसिद्ध झालेली त्याची पोलादी ‘जोशुआ’ 1982 च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वादळात फेकली गेली. तिला पुन्हा उभी करण्याचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. वाळूतून तिला उपसायला धावून आलेल्या तरुणांना त्याने ती अवघ्या वीस डॉलरला दिली. त्यांनी ती दुरुस्त केली, पुढे तिचे मालक बदलले, आणि 1990 मध्ये फ्रान्समधल्या ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाने ती विकत घेतली. या संग्रहालयाने तिला छपराखाली उभी केली नाही. राष्ट्रीय वारसा म्हणून दर्जा मिळालेली ही बोट अजून शिडावर चालते. मॉइतेसिएने पाहिलं होतं ते एवढंच की या पोरांच्या हातात फावडं आहे.

शांत परिस्थितीत विकणाऱ्याला पारखायला वेळ असतो. त्याने गिऱ्हाइकाला एक दिवस बरोबर काम करायला बोलवावं, डेकखाली वाकून तो कुठे कुठे पाहतो ते पाहावं. बोट हिवाळ्यात कुठे ठेवणार, वर्षाकाठी तिच्यासाठी किती बाजूला काढणार, हे सरळ विचारावं. संकोच वाटायचं कारण नाही, खरा हौशी माणूस अशा प्रश्नांनी सुखावतो. बोटीबरोबर तिचे कागदही जावेत: कोणती फळी कधी बदलली, कोणतं लाकूड, कोणता खिळा, उघड्या सांगाड्याचे फोटो, मूळ आराखडा. सुहैलीचा आराखडा जपलेला होता म्हणून 2018 साली पुन्हा भरलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी भारतीय नाविक अभिलाष टॉमी यांची ‘तुरिया’ गोव्यातल्या गोदीत त्याच बेताने बांधता आली. पुन्हा विकायची झाल्यास आधी आपल्याला विचारावं, असं कलमही करारात घालता येतं. आणि हे सगळं करायचं ते वसंतात, रंगरंगोटी होऊन बोट पाण्यात उतरलेली असताना, म्हणजे गिऱ्हाइकाला तिच्यातून एक फेरी मारून आणता येईल. दोन हिवाळे ताडपत्रीखाली काढलेल्या बोटीला जो गिऱ्हाईक येतो, तो बहुतेकदा तिच्या तळातल्या शिशाचा आणि पितळेचा भाव करायला आलेला असतो.