चौदा आणे आंबा, सोळा आणे हिशेब

देवगड तालुक्यातील एका आंबा-बागायतीचे संकेतस्थळ ज्या खोलीतून चालते, तिच्यात संगणक एकच आहे. उरलेली सारी जागा पुठ्ठ्याचे खोके, भाताचा पेंढा, वजनकाटा आणि चिकटपट्ट्यांची रिळे यांनी व्यापलेली आहे. हंगामाच्या ऐन भरात त्या खोलीत बसण्याची मला मुभा मिळाली, आणि हा लहानसा व्यवसाय संकेतस्थळाच्या बळावर किफायतशीरपणे कसा उभा राहिला, याचा उलगडा मला संगणकापेक्षा त्या पसाऱ्यातून अधिक झाला.

पूर्वी या घरचा सारा माल वाशीच्या घाऊक बाजारात जाई. तेथे रुमालाखाली बोटे दाबून होणाऱ्या सौद्यात भाव ठरे, आणि अडत, हमाली व वाहतूक वजा जाता उरलेल्या रकमेची पट्टी हाती पडे तेव्हाच आपला आंबा काय भावाने गेला, हे बागायतदारास कळे. संकेतस्थळावर भाव स्वतः लिहावा लागतो, साऱ्या जगास दिसेल असा लिहावा लागतो, आणि एकदा लिहिला की पाळावाही लागतो. दलाल मधून गेला म्हणून आनंद मानणारे पुष्कळ भेटतात. परंतु दलाल जी जोखीम मुकाट्याने आपल्या शिरी घेत होता, ती आता आपल्या पडवीत येऊन बसली आहे, हे त्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानी येते.

या घरची सून संकेतस्थळाचा कारभार पाहते आणि सासरे बाग पाहतात. रोज संध्याकाळी दोघे समोरासमोर बसून उद्याच्या काढणीचा अंदाज बांधतात, आणि माझ्या मते या धंद्यातील सर्वांत महत्त्वाची घटिका तीच. कोकणात फळ ‘चौदा आणे तयार’ झाले की, म्हणजे सुमारे ८५ टक्के पक्व झाले की, उतरवतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुधारून दिलेल्या नूतन झेल्याने ते देठासकट अलगद काढावे लागते, कारण देठ तुटून चीक सालीवर ओघळला की डाग पडतो आणि फळ कुजण्याची भीतीही वाढते. काढलेला आंबा वजनाप्रमाणे निवडून, डागी व लहान फळ बाजूला सारून, प्रत्येक प्रतीचे किती डझन भरतील याचा जो आकडा निघतो, तोच आणि तेवढाच सूनबाई ‘शिल्लक’ या रकान्यात भरतात. आभाळ भरून आले, एप्रिलातच सरी पडल्या, की आकडा निम्म्यावर येतो. अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, सारा महाराष्ट्र हापूस शोधीत असता, या संकेतस्थळावर ‘नोंदणी तूर्त बंद’ अशी पाटी झळकताना पाहून मी चकित झालो. सासऱ्यांनी माझे समाधान एका वाक्यात केले : “आंबो आपल्या हुकमान पिकना नाय.” पैसे आगाऊ घेऊन मुदत चुकवणारा विक्रेता त्या सणाच्या दिवशी जेवढे कमावतो, त्याहून अधिक तो पुढील साली गमावतो, हे या कुटुंबास पक्के ठाऊक आहे.

गिऱ्हाईकास पहिल्याच पानावर आपला पिनकोड लिहावा लागतो. टपाल खात्यातील अधिकारी, संस्कृत पंडित आणि कोकणातलेच श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत अमलात आली. तिचे पहिले तीन अंक विभाग व वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवतात. ४११ ने आरंभ होणारे पुणे आणि ४०० ने आरंभ होणारी मुंबई येथे रात्रीच्या टेंपोने माल जातो. ज्या क्रमांकास खोका सुखरूप पोहोचण्याची खात्री नाही, तेथे पैसे घेण्यापूर्वीच दिलगिरी व्यक्त होते. पन्नास वर्षांपूर्वी पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कारकुनांसाठी योजलेले हे सहा अंक आज आंब्याच्या खोक्याचा मार्ग ठरवीत असलेले पाहून मला मोठी मौज वाटली.

तक्रारींचे प्रकरण मात्र नाजूक आहे. कच्चे, हिरवे फळ आले म्हणून शहरातले गिऱ्हाईक संतापते. त्यास पेंढ्याच्या अढीत फळ कसे ठेवावे, वास सुटेपर्यंत धीर का धरावा, आणि कायद्याने बंदी असलेला कॅल्शियम कार्बाइड न वापरता पिकवलेला आंबा एकाच दिवशी एकसारखा का पिवळा होत नाही, हे सांगणारे एक पान सूनबाईंनी साध्या मराठीत लिहिले, तेव्हापासून संतापाचे दूरध्वनी ओसरले. साक्याचे दुखणे याहून कठीण. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढुरके, भुसभुशीत निघते, आणि ते न कापता ओळखण्याचा उपाय या खोलीत नाही. म्हणून छायाचित्र पाठवताच त्या फळाची किंमत परत देण्याचा प्रघात त्यांनी ठेवला आहे. ई-वाणिज्यासंबंधीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे लागते. येथे बहुधा दोन्ही एकाच संध्याकाळी होतात.

यंत्राकडील बाजू थोडक्यात आटोपते. संकेतस्थळाच्या नावाची फी मुदतीत भरणे, दप्तराची एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवणे, छायाचित्रे हलकी करून घेणे म्हणजे खेड्यातल्या मोबाइलवरही पान चटकन उघडते. कार्डाचे क्रमांक विक्रेत्याने साठवू नयेत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक ऑक्टोबर २०२२ पासून असल्याने पैशांचा तो व्यवहार मध्यस्थ संस्थेकडे आहे, आणि बहुतेक गिऱ्हाइके यूपीआयनेच रक्कम भरतात. गूगलवर तुम्हांस पहिल्या क्रमांकावर आणतो, असे सांगत फोन करणाऱ्या इसमांना सूनबाई कोकणी शिष्टाचाराने चहास बोलावतात; अद्याप एकही आलेला नाही.

पावसाळ्यात, संकेतस्थळावर कोकम, आंबापोळी आणि काजू एवढाच माल उरतो, तेव्हा त्याची खरी डागडुजी चालते. गत हंगामातील सारे निरोप पुन्हा वाचून, जो प्रश्न वारंवार आला त्याचे उत्तर पानावर अधिक वर आणले जाते. यंदा ‘खोका आल्यावर आंबा किती दिवसांत खावा?’ या प्रश्नाचे उत्तर भावाच्याही वर गेले. सासऱ्यांना हे रुचले नाही. “भाव पयलो दिसाक व्हयो,” ते म्हणाले. सूनबाईंनी मान वर न करता उत्तर दिले, “बाबा, भाव खंयय लपवलो तरी लोक शोधून काढतत.”